एकदा वाजला तर चूक

सर पियानोवर ब्लूज संगीत शिकवायचे, पण त्यांच्या मांडीवर कायम लाकडी रूळ असायचा. कॉर्ड, म्हणजे सुरांचा मेळ, बदलली आणि माझं बोट जुन्याच सुरावर राहिलं, की रूळ पेरांवर बसलाच.

“आता थांबू नकोस! तोच सूर पुन्हा वाजव, ठासून,” ते ओरडायचे. “एकदा वाजला तर चूक, दोनदा वाजला तर तुझी चाल.”

तीन वर्षं मी हा नियम सुजलेल्या बोटांनी घोकला. आई म्हणायची, “तुझ्या भल्यासाठीच मारतात.” कसलं डोंबलाचं भलं!

काल रूळ बसला आणि माझ्या डाव्या करंगळीचं हाड कट्कन मोडलं. सरांना त्याचं काही नाही. “उजव्या हाताने वाजव. हे बघ, असं,” म्हणत त्यांनी स्वतःचा हात पियानोच्या पट्ट्यांवर ठेवला. मी कळवळून उठले, तसं माझं कोपर उघड्या झाकणाला धडकलं आणि ते जाडजूड झाकण त्यांच्या बोटांवर आदळलं.

“सॉरी सर, चुकून झालं!” खरंच चुकून झालं होतं.

मी घाईघाईने झाकण उचललं. सर बोंबलत होते, पण रक्ताळलेली बोटं अजून तिथेच होती.

मी थांबले नाही. तेच पुन्हा केलं, ठासून.