तळ्यात ठेवलेली रोहू

मी एक जुना गळ आहे. पोलादी तारेचा, करंगळीएवढा, टोकापाशी उलटा काटा असलेला. बोहरी आळीतल्या दुकानात पुडीत पडून होतो, तिथून मला नम्रताने घरी आणलं. मित्रांनो, नम्रता मूळची भंडाऱ्याची, तळ्यांच्या मुलखातली. आयटी कंपनीत नोकरी आणि धायरीत सासर. सासरे आप्पासाहेब मासेमारीचे वेडे. लग्नानंतर पहिल्याच रविवारी सासरा-सून मला घेऊन तळ्यावर निघाले, तेव्हाचा माझा आनंद काय सांगू!

पाण्यात बुडी मारायची आणि मासा लागला की घट्ट धरायचं, हे माझं काम. आप्पा माझं फार कौतुक करत. पण बोटभर पिल्लू असो की हातभर मासा, सगळं पिशवीत टाकत. नम्रता पिल्लं हळूच पाण्यात सोडून देई.

एकदा पावसाळा तोंडावर आला होता. आप्पांचे लोणी काळभोरचे मित्र बद्रीनाथ जेवायला यायचे होते.

"आज असा मासा नेतो, बद्रीनाथ बघतच ऱ्हाईल!" आप्पा म्हणाले.

आधी एक मध्यम मासा मिळाला. मग दोरी ताणली, काठी वाकली आणि वर आली ती भली थोरली रोहूची मादी! आप्पा नाचायचेच बाकी होते.

"आप्पा, पोट बघा तिचं. अंड्यांनी, गाभोळीनं भरलंय," नम्रता म्हणाली.

"मग तर न्यायचीच! बद्रीनाथला गाभोळी लई आवडती."

"ही नेली, तर पुढच्या वर्षी गळ कुणासाठी टाकायचा?"

आप्पांनी तिला सोडून द्यायचं ठरवलं. मग मला सोडवू लागले, पण माझा उलटा काटा तिच्या ओठात रुतला होता. मला फार वाईट वाटलं. शेवटी कसाबसा सुटलो. पाण्यात सोडताच ती कुशीवर कलंडली! आप्पा लेंग्यासकट गुडघाभर पाण्यात उतरले आणि तिला दोन्ही हातांनी सरळ धरून उभे राहिले.

"चल गं बाय, चल!"

हळूहळू कल्ले हलले. मग शेपटीचा असा फटका बसला, की ती खोल पाण्यात गेली, आप्पा डोक्यापर्यंत भिजले आणि पोरासारखे हसत सुटले.

जेवताना बद्रीनाथ म्हणाले, "एवढासाच मासा?"

"मोठी हाय की! तळ्यात ठेवलीया."

सगळं घर हसलं.

त्याच दुपारी नम्रताने पकडीने माझा उलटा काटा दाबून सपाट केला. आता मी अलगद सुटतो. पण आप्पांना वेगळाच नाद लागला. मासा धरायचा, फोटो काढायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा!

"आप्पा, सोडणार म्हणून दिवसभर टोचत बसायचं का?" नम्रता म्हणाली. "पुरतील तेवढे मधल्या आकाराचे मिळाले, की गळ गुंडाळायचा."

"खरं हाय, सूनबाई."

तेव्हापासून जेवणापुरते मासे मिळाले, की दोघं काठावर भेळ खात बसतात आणि मी दोरीच्या बुचात खोचलेला आराम करतो. समोर पाण्यात पिल्लांची झुंबड उडालेली असते.

मित्रांनो, टोचणं हाच माझा धर्म. मला निवड करता येत नाही, तुम्हाला येते. पिल्लांना वाढू द्या, अंड्यांवर आलेल्या आयांना जाऊ द्या आणि घासापुरतं मिळालं, की मला खुशाल सुट्टी द्या. मी मुळीच रागावणार नाही!