लॉर्ड थंडरची सोवळी टेप

लॉर्ड थंडर गेला आणि ब्राँक्समधल्या त्या गल्लीत खरी पंचाईत झाली ती त्याच्या बायकोची, ओडेसाची. लॉर्ड कसला! क्लेटस प्रुइट त्याचं नाव, अंगानं नुसता काटकुळा, खिशात कायम दम्याचा पंप, आणि म्हणे थंडर! तीस वर्षं गड्यानं गाडीच्या डिकीतून स्वतःच्या रॅपची टेप विकली. एकच टेप, बरं का. तिच्यात शिव्याच इतक्या की एकाही रेडिओवाल्यानं त्याला कधी दारात उभं केलं नाही.

हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी त्यानं ओडेसाचा हात धरला. "मला निरोप देताना चर्चमध्ये माझी टेप वाजव. आणि एकदा तरी तू पूर्ण ऐक."

ओडेसा रडत रडत हो म्हणून बसली. चर्चच्या गायकवृंदात पहिल्या रांगेत उभी राहणारी बाई ती. पहिली ओळ ऐकून तिनं कानावर हात ठेवले होते, ते तीस वर्षं काढले नव्हते. तो बाथरूममध्ये तालीम करायला लागला की ही स्वयंपाकघरात रेडिओ मोठा करायची.

"अगं, सगळं तुझ्यावरच आहे," तो म्हणायचा.

"माझ्यावर? आधी तोंड धुऊन ये मेल्या!"

आता मेल्या म्हणायचीही सोय उरली नव्हती, या विचारानं तिला पुन्हा रडू फुटलं.

शुक्रवारी सकाळी ती चर्चच्या तळघरात पास्टर गेन्ससमोर जाऊन बसली. सोबत क्लेटसचा जिवाभावाचा दोस्त, डीजे पॅनकेक. वय एकसष्ट, दिवसा टपाल वाटायचा, सुट्टीच्या दिवशी तबकड्या फिरवायचा.

"देवाच्या घरात एकही वावगा शब्द चालणार नाही, सिस्टर ओडेसा," पास्टरनी सांगून टाकलं.

"मी वचन दिलंय हो त्याला! ते मोडून मी त्याला तोंड कसं दाखवू?"

"वहिनी, घाबरू नका," पॅनकेक म्हणाला. "रेडिओसाठी सोवळी टेप करतात ना, तशी करू. शिवी आली की मी वरून तबकडी घासणार. घर्र! शिवी गायब."

ठरलं. शिवी आली की पास्टरनी बोट वर करायचं आणि पॅनकेकनं तिथं खूण करायची. टेप सुरू झाली आणि बोट जे वर गेलं ते खाली यायलाच तयार होईना. पास्टर घामाघूम झाले. पहिल्याच कडव्यात एका शब्दाला त्यांनी दोन्ही हात वर केले.

"यात काय वाईट?" ओडेसा म्हणाली. "मला वाटलं एखादी भाजी असेल."

"भाजी नाही," पास्टर खोकले.

"मग काय?"

"मी सैन्यात होतो, सिस्टर. पुढचं विचारू नका."

ओडेसाची लाजेनं मान खाली गेली. उद्याच्या जेवणाचं चिकन तळायचंय असं सांगून तिनं तिथून काढता पाय घेतला. "जे स्वच्छ उरेल ते वाजवा," जाता जाता म्हणाली. "काहीच उरलं नाही तर ते घर्र तरी वाजवा. माझं वचन तेवढं राहू द्या."

शनिवारी चर्च भरलं. ही माणसं होती कुठे इतकी वर्षं? पोटं सुटलेले, टक्कल पडलेले चाळीस बापे, छातीवर क्लेटसचा फोटो छापलेले टी-शर्ट घालून हजर. त्यात दोघं थेट ओसाकाहून विमानानं आलेले, टेप रेशमी रुमालात गुंडाळून. त्यातल्या एकानं तिच्यासमोर कमरेत वाकून विचारलं, "तुम्हीच ओडेसा?" तिनं हो म्हटलं, तर हा पठ्ठ्या हमसून हमसून रडायलाच लागला. ह्याला माझं नाव कुणी सांगितलं, तिला कळेना.

पॅनकेकनं टेप लावली. घर्र. घर्र घर्र. पुढच्या रांगेतल्या बायकांनी हॅटखालून एकमेकींकडे पाहिलं. ओडेसाला वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं.

आणि मग क्लेटसचा तो दमेकरी आवाज. "ओडेसा."

घर्र. "ओडेसा जागी असेल." घर्र घर्र. "ओडेसाच्या हातचं चिकन." घर्र. "घरी जाऊ दे, ओडेसा वाट बघतेय."

बारा गाणी, आणि एकही तिच्याशिवाय नाही. शिव्या होत्या त्या रेडिओवाल्यांना, घरमालकाला, बस न थांबवणाऱ्या ड्रायव्हरला. त्या सगळ्या पॅनकेकनं घासून काढल्या आणि मागे उरली एकटी ओडेसा. चाळीस बापे तिचं नाव टेपबरोबर पुटपुटत होते, त्यांना ते तीस वर्षं पाठ होतं.

ओडेसा उठली. शवपेटीपाशी गेली. डोळ्यांना धारा लागलेल्या, आणि बोट रागानं पेटीकडे रोखलेलं.

"सरळ सांगता येत नव्हतं तुला? तीस वर्षं मी रेडिओ मोठा करत बसले, अरे तू..."

आणि तिच्या तोंडून तो कालचा शब्द बाहेर पडला. भाजीचा.

पॅनकेकचा हात सवयीनं तबकडीवर पडला, पण एकसष्टीचा हात तो, उशीर झाला. शब्द पार मागच्या बाकापर्यंत ऐकू गेला. पास्टर गेन्सचं बोट वर गेलं, अर्ध्यावर थांबलं, आणि त्यांनी त्याच बोटानं डोळा पुसला.

"आमेन," ते म्हणाले.