बाहेर ऐकायचं

मास्तरीणबाईंनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. नवरा व्हायोलिन शिकवायचा, म्हणून गल्लीने त्यांना ही पदवी बहाल केली होती. आता शिष्य यायचे बंद झाले, पदवी तेवढी राहिली.

मास्तरांच्या मेंदूत गुठळी झाली ती थंडीच्या दिवसांत. हात वाचले, पाय वाचले, बोलणंही परत आलं. सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. घरी आल्यावर मास्तरांनी व्हायोलिन काढलं, एकदा गज फिरवला आणि बायकोकडे असे पाहत राहिले, जणू तिनेच ते बिघडवून ठेवलंय. माणसांचं बोलणं त्यांना कळायचं, दारावरची थाप कळायची. सूर मात्र पत्र्यावर खिळा ओढल्यासारखे ऐकू यायचे. तेव्हापासून घरात रेडिओ नाही की गुणगुणणं नाही. समोरच्या घरात गाणी लागली की एवढ्या उकाड्यातही खिडकी लावून घ्यायची.

म्हणून बाईंना बाहेरची कामं हवीशी वाटायला लागली. सकाळी दूध आणायचं, दुपारी औषध, संध्याकाळी साबण. खालच्या मजल्यावर राहणारी नणंद वैतागायची. "वहिनी, पायाला भिंगरी बांधलीय का तुझ्या? एका फेरीत सगळं आणत जा की! ऊन काय म्हणतंय बघ."

"घरात बसून अंग आंबतं गं," एवढंच बाई म्हणायच्या.

पिशवीत फोन असायचा आणि एकाच कानाचा चालणारा इअरफोन. एका जुन्या शिष्येने तिच्याकडची रेकॉर्डिंग्ज पाठवली होती. शिकवणीच्या आधी मास्तर एकटेच वाजवत बसायचे, तेव्हा तिने दाराबाहेरून गुपचूप टिपलेली. कोपरा वळेपर्यंत बाई धीर धरायच्या, मग इअरफोन कानात घालायच्या.

त्या दिवशी कावळासुद्धा बाहेर नव्हता. डांबर मऊ होऊन चपलेला चिकटत होतं. पंख्याचा बिघडलेला रेग्युलेटर दाखवायला त्या आधी इलेक्ट्रिशियनकडे गेल्या. त्याने तो उलटासुलटा करून पाहिला. "नवाच घ्यावा लागेल, मावशी. पण पंखा तरी काय करणार? आहे तीच आग घरभर फिरवणार!" बाई हसल्या. नवा परतताना न्यायचं ठरवून त्या इस्पितळात गेल्या. मास्तरांच्या शेवटच्या तपासण्यांचं डॉक्टरबाई आज सांगणार होत्या. "तू एकटीच जा," असं मास्तरांनी सकाळीच सांगून टाकलं होतं.

डॉक्टरबाईंनी फार घोळ घातला नाही. "तब्येत चांगली आहे. पण सुरांची समज आता परत येणार नाही, ताई."

"थोडासुद्धा?"

"यायचा असता तर एव्हाना काहीतरी दिसलं असतं. तुम्हाला उगाच आशेला लावत नाही."

बाहेर भट्टी पेटली होती. बाई फाटकाशी क्षणभर थांबल्या आणि त्यांनी इअरफोन घातला. मास्तर सावकाश, कुणाला काही दाखवायचं नसल्यासारखे वाजवत होते. एका जागी ते जरा रेंगाळले, तीच ओळ पुन्हा घेतली, आणि तिथे बाईंचे डोळे भरून आले. रस्त्यावर हॉर्न वाजत होते, कुणी कुणावर खेकसत होतं. बाईंना मात्र आपण गार फरशीवर पाय सोडून बसलोय असं वाटत होतं. त्यांनी रिक्षा केली नाही. जवळचा रस्ता सोडून लांबचा धरला, मग त्याहून लांबचा. एवढं वाजवणारा माणूस घरी वाट बघतोय, असं त्यांना वाटत राहिलं, आणि तो घरी नाही हेही कळत राहिलं.

घरी आल्या तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता. मास्तरांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"काय म्हणाल्या?"

"तब्येत चांगली आहे म्हणाल्या."

"ते मी विचारत नाहीये."

बाईंनी नकारार्थी मान हलवली. मास्तरांची नजर पिशवीकडे वळली. मग म्हणाले, "तू बाहेर काहीतरी ऐकतेस ना? तार लोंबतेय पिशवीतून. दे इकडे."

"अहो, राहू द्या. त्रास होईल."

"आता अजून काय व्हायचंय?"

त्यांनी स्वतःच इअरफोन कानात घातला. बाईंनी रेकॉर्डिंग लावलं आणि श्वास रोखून त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडल्या, जबडा आवळला. तरी त्यांनी नेटाने ऐकलं. मग इअरफोन काढून हळूच खाली ठेवला.

"कोण वाजवतंय?"

बाईंनी तार गुंडाळायला घेतली. "रेडिओवर लागलंय. असंच कुणीतरी."

"कच्चा आहे," मास्तर म्हणाले. "नाहीतर मलाच तसं वाटत असेल. पण तुला आवडतं ना?"

"हो."

"मग ऐक. बाहेरच ऐकत जा मात्र."

ते उठून आतल्या खोलीत जाऊन पडले. त्यांच्यामागे जावं, सगळं सांगावं, असं बाईंना फार वाटलं. पण सांगून त्यांच्या हाती काय लागणार होतं? त्या तिथेच बसून राहिल्या. अंगावरचा घाम वाळेना. नवा रेग्युलेटर आणायचा राहूनच गेला होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, आणायचं काही नसताना, त्यांनी चपला घातल्या.

"कुठे निघालीस?" आतून मास्तरांनी विचारलं.

"येते जरा," बाई म्हणाल्या, आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.