शकिलाची गोळी आणि माझं पाणी

मित्रांनो, राजुऱ्यात हमीदाबींच्या फळीवर राहणारा मी एक तांब्याचा कटोरा. तांबटानं मला ठोकून घडवलं आणि माझ्या पोटात कुराणातल्या आयती कोरल्या. कुणी आजारी पडलं की मौलवीसाहेब माझ्यातल्या पाण्यावर दुवा पढून फुंकर घालत. त्याला ‘दम केलेलं पाणी’ म्हणत. ते पिऊन माणसं निवांत होत, आणि मला माझा अभिमान वाटे.

मग हमीदाबींची सून शकिला आजारी पडली. तिचं बाळ दगावलं होतं. ती जेवेना, बोलेना, भिंतीकडे बघत बसे. पाण्यानं ती बरी होईना, तेव्हा मौलवीसाहेबांनीच चंद्रपूरच्या मनोविकारतज्ज्ञ इंदुताईंना बोलावलं.

“आजार अल्लाचा, इलाज बी त्याचाच,” ते म्हणाले. “डॉक्टरबाई, गोळी तुमची, पाणी माहं.”

इंदुताई हसल्या. “चालेल. पण गोळी चुकवायची नाही.”

रोज माझ्या पाण्याबरोबर गोळी शकिलाच्या पोटात जाऊ लागली. हळूहळू ती वेणी घालू लागली. शेजारच्या अंजनाबाईंनी एकदा चिडवलं, “काऊन वं शकिला, आज भाजीत मीठ जास्त!” तशी ती चक्क हसली.

मे महिन्यात रमजान आला. मौलवीसाहेब तरावीहची, म्हणजे रमजानच्या रात्रींची खास नमाज पढवायला महिनाभर सिरोंच्याला गेले. मी फळीवर पालथा पडलो.

अंजनाबाईंनी विचारलं, “हमीदाबी, पोरीची गोळी?”

“मौलवीसाहेब नाई, दमचं पाणी नाई. मंग नुसती गोळी कशी द्याची? रोजे करून राह्यली ना, तेच औषध. ईद झाल्यावर देतो.”

आजाऱ्याला रोजा माफ असतो, हे मौलवीसाहेबांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. मला ते सारं आठवत होतं. पण तांब्याला जीभ नसते. शकिलाची वेणी सुटली. ती पुन्हा भिंतीकडे वळली, आणि मी पालथाच.

ईदच्या दिवशी मौलवीसाहेब गावी परतले आणि अंजनाबाईंकडून सारं कळताच धावत आले. त्यांनी मला पाण्यानं भरून शकिलाच्या ओठांना लावलं. ओठ उघडले नाहीत. पाणी हनुवटीवरून ओघळलं.

“पाण्यासाठी गोळी थांबवली?” ते हमीदाबींना म्हणाले. “अवं, कोनतं बी पाणी चाललं असतं.”

इंदुताई तिला नागपूरच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. ती अजून परतलेली नाही.

मित्रांनो, दुवा जरूर मागा. पण मी पालथा असलो, तर शेजारचा साधा पेला उचला. गोळी तेवढी चुकवू नका.