काचेपाशी रडायचं नाही

कटरच्या टोकाचं ते चाक, राईच्या दाण्याएवढं, काचेवरून कुरकुरत निघालं आणि ठमीने सवयीने श्वास आत ओढून धरला... आत धरण्यात तिचा हात कोणी धरला नसता. पंधराव्या वर्षीच तिने इतकं काही गिळलं होतं, की पोटात एक तळं झालं असावं आणि त्यात होड्या चालत असाव्यात. त्यात आज सकाळची भर. जिच्याशी रोज डबा वाटून खाल्ला ती मैत्रीण चकार शब्द न बोलता दप्तर उचलून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली, आणि ठमी हसली. हो, हसली! वर म्हणाली, "बस की, मला काय."

रेघ मध्येच अडखळली. एकदा ओढलेल्या रेघेवरून पुन्हा चाक फिरवायचं नाही, हे या काचेच्या दुकानात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक, तरी तिने फिरवलं. न्हाव्याने कापून द्यायला सांगितलेला आरसा वाकडातिकडा तडकला.

बाबा वळले. झालं... आता आवाज चढणार.

"लागलं का?"

"नाही."

"मग डोळे का भरलेत? ठमे, रडू येतंय तर रड की."

"इथे? काचा आहेत ना."

"म्हणजे?"

"तुम्हीच सांगितलं होतं. मांजर मेलं तेव्हा. हुंदक्याने काच तडकते म्हणून."

"अगं, थाप होती ती! गिऱ्हाईक उभं, आणि तू भोकाड पसरलेलं. तुला गप्प करायला दिलं काहीतरी ठोकून... तू खरं धरून बसलीस?" ते हसायला गेले, हसू अर्ध्यातच राहिलं.

थाप. म्हणजे मोरीत नळ सोडून, तोंडात टॉवेलचा बोळा कोंबून इतकी वर्षं जे केलं, ते एका गिऱ्हाइकापायी? आणि सकाळचं ते हसू – ते तरी माझं होतं का?

"मला तुमचा राग आलाय," ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

बाबा निघून जातील असं वाटलं. त्यांनी फुटक्या आरशाकडे पाहिलंही नाही. स्टूल ओढून समोर बसले, हात मांडीवर, छडी खायला आलेल्या पोरासारखे.

"येणारच," ते म्हणाले. "बोल."

बोल म्हणे! पलीकडून दार रेटून धरणारा एकदम बाजूला झाला, की रेटणाराच तोंडघशी पडतो, तसं तिचं झालं. रडू कुठे गेलं? घशात चाचपून पाहिलं, नव्हतं. त्याच्या जागी काहीतरी गरम, भलंमोठं, उभं राहू लागलं होतं... ते सगळं बाहेर आल्यावरही हा माणूस असाच बसून राहील? की मघाचं ते 'बोल'सुद्धा थापच...

तिने तोंड उघडलं. बाबांच्या डोळ्यांवरची नजर मात्र ढळू दिली नाही. त्यांची पापणी जरा जरी हलली असती, तरी तिने तोंड मिटून घेतलं असतं.