दर रविवारचा बिघाड

रामभाऊंना फोनवर बोलता येत नसे असं नाही, बोलायचंच नसे. एसटीच्या वर्कशॉपात बत्तीस वर्षं इंजिनांशी गप्पा मारलेला माणूस. पण अमेरिकेहून मुलाचा फोन आला, की नागपुरात रिसीव्हर उचलून एका दमात कारभार आटोपायचा. "बरा आहेस ना? आम्ही बरे आहोत. घे, आईशी बोल." झालं! चार वर्षांत त्र्यंबकच्या वाट्याला बाप आला तो एवढाच.

त्र्यंबक तिकडे चँडलर शहरात, चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. पगार चांगला, बायको नेत्रा हसतमुख, घराला ऐसपैस गॅरेज. कशाला काही कमी नव्हती. तरी रविवारी सकाळी फोन ठेवला, की पुढचा तासभर तो कुणाशी धड बोलत नसे. बाबांचा गुडघा दुखतो, बाबांनी चष्मा बदलला, हे सगळं आईकडून कळायचं. त्याला खुशाली नको होती हो. त्याला बाप हवा होता, तोंडाचा पट्टा सोडलेला, वर्कशॉपातला.

२००५च्या मार्चात त्यानं आपल्या जुन्या टू-डोअर गाडीला नवा एअर इनटेक बसवायचं मनावर घेतलं. इंजिनाला हवा देणारा काळा प्लास्टिकचा डबा काढायचा, त्याजागी रुंद, गुळगुळीत नळी लावायची आणि तिच्या टोकाला सुती कापडाचा उघडा फिल्टर. गार हवा भरपूर आत गेली, की गाडी चपळ होते म्हणतात.

"विशीतली पोरं करतात हे. तू चौतिशीत?" नेत्रानं चिडवलं.

शनिवारी काम फत्ते झालं. फिल्टरसोबत तेलाची बाटली आली होती आणि किती तेल लावायचं ते सांगणारी पुस्तिकाही. पण पुस्तिका वाचायची म्हणजे आपल्या माणसाला कमीपणा! लहानपणी त्यानं बाबांना बसच्या एअर क्लीनरमध्ये तेल ओतताना शंभरदा पाहिलं होतं. धूळ तेलात अडकते, इंजिनात जात नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं अख्खी बाटली त्या कापडाला पाजली.

रविवारी सकाळी गाडी सुरू झाली ती खोकतच. नेत्रा स्टिअरिंगवर बसली होती, त्र्यंबक बॉनेटमध्ये डोकं घालून. तशातच त्यानं घरी फोन लावला.

"बरा आहेस ना? आम्ही बरे..." रामभाऊ थांबले. "काऊन रे, ते काय खोकून राहिलं?"

"गाडी, बाबा. नवा फिल्टर लावला कालच."

"फोन इंजिनाजवळ धर."

त्यानं धरला. पलीकडून हुकूम सुटले. रेस दे. हळू! आता सोड. नेत्रा पाय दाबत होती, सोडत होती.

"हवेसंगं तेल खाऊन राहिलं ते. किती ओतलं?"

"बाटली."

"अख्खी? अक्कल गहाण ठेवून गेला का बे तिकडं? बसच्या क्लीनरला खाली तेलाचं भांडंच होतं! तुझं कापडाचं आहे, त्याला नुसता हात फिरवायचा. अन् नळीत पुढं काही नाजूक बसवलं असंल, तर ते बी माखलं असंल. पूस आधी!"

आणि मग धबधबा सुरू झाला. कोणत्या डेपोच्या ड्रायव्हरनं रेडिएटरमध्ये काय ओतलं, कोणत्या फिटरनं नट उलटा आवळला, सगळं. चाळीस मिनिटं! त्र्यंबक शिव्या खात होता आणि डोळे पुसत होता. संध्याकाळी त्यानं फिल्टर धुतला, नळीतला हवा मोजणारा, केसाएवढ्या तारेचा सेन्सर स्प्रे मारून साफ केला. गाडी सुतासारखी सरळ झाली.

पुढच्या रविवारी त्यानं मोठ्या हौसेनं फोन बॉनेटपाशी धरला. इंजिन भरदार आवाजात घुमत होतं.

"छान चालून राहिली," रामभाऊ म्हणाले. "घे, आईशी बोल."

त्र्यंबकला त्या धडधाकट गाडीचा असा राग आला, की विचारू नका.

तिसऱ्या रविवारी फोन लावण्याआधी त्यानं स्क्रूड्रायव्हर, म्हणजे बाबांच्या भाषेत पेचकस, घेतला, नळी आवळून धरणारा क्लॅम्प दोन आटे सैल केला आणि गाडी सुरू केली. फुसफुस ऐकू यायला लागली.

"बाबा, पुन्हा काहीतरी झालंय."

रामभाऊंनी बराच वेळ कान दिला. "नळी हवा चोरून राहिली. क्लॅम्प ढिला आहे."

"हो का? कसा झाला असेल?"

"आपोआप नाही होत तो. पेचकस लावावा लागते."

तुमची फार आठवण येते बाबा, एवढं त्र्यंबकनं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण त्यांच्या घरात असलं कुणी कधी बोललेलंच नव्हतं.

रामभाऊ खाकरले. "घट्ट कर तो," म्हणाले. मग बायकोला, शीलाबाईंना, ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाले, "पुढच्या रविवारी दुसरं काही बिघडव. पण असं सोपं नको. वेळ लागंल असं."