अंडरकट आणि खांदा

खाटकाची बायको बस स्थानकावर माइकवरून घोषणा करायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कोणाची छत्री राहिली, कोणाचं मूल सापडलं, सगळं तिच्या तोंडून. तोच आवाज ती घरीही घेऊन यायची, त्यामुळे गल्लीत तिला भोंगा म्हणत. तिला ते ठाऊक होतं. "भोंगा आहे म्हणून वेळेवर उठता," असं ती वर शेजाऱ्यांनाच सुनवायची. खाटीक मात्र मुलखाचा अबोल. बायको बोलायची, तो अधूनमधून "हं" म्हणायचा, आणि एवढ्या भांडवलावर सव्वीस वर्षं संसार उत्तम चालला होता.

मग एके दिवशी ती स्थानकाच्या ओल्या पायऱ्यांवरून घसरली आणि थेट हनुवटीवर पडली. जबडा दोन ठिकाणी मोडला. सहा आठवडे वरचे-खालचे दात तारेने बांधलेले. ती नळीने सूप आणि दूध प्यायची आणि वहीत लिहून बोलायची. तारा निघाल्या तेव्हा खाटकाला वाटलं, संपलं एकदाचं. पण महिना उलटला तरी बायकोची नळी सुटेना. तोंडात जेमतेम दोन बोटं जायची. कानाखाली कळ येते म्हणून ती चावत नव्हती, आणि चावत नव्हती म्हणून जबडा आखडत चालला होता.

डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "अजून महिनाभरात हा सुटला नाही तर असाच राहील. बोला, व्यायाम करा आणि मुख्य म्हणजे चावून खा. मऊ असू दे, पण चावून."

बायकोने मान डोलावली, घरी आली आणि पुढच्या जेवणासाठी नळी धुऊन ठेवली.

घर इतकं शांत झालं की खाटकाला फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली. इतकी वर्षं तो आवाज होता तरी कुठे, असं त्याला वाटायचं. बायको बोलायची ती ओठातल्या ओठात, दोन शब्द, आणि लगेच गालाला हात. माइकसमोर दुसरी कोणीतरी बसू लागली होती. आपली बायको कायमची अशीच राहिली तर, या विचाराने दुकानात सुरी चालवताना तो मध्येच थांबायचा. सांगणार कोणाला? घरात सांगण्याचं खातं बायकोकडे होतं.

शेवटी त्याने ग्रंथपालबाईंना सांगितलं. त्या दर शनिवारी पोर्कचे चॉप्स न्यायला यायच्या. त्यांची भाची लग्न होऊन मेक्सिकोला गेली होती आणि तिथून वाळक्या मिरच्यांची पुडकी पाठवायची. पुढच्या खेपेला बाईंनी एक पुडकं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलेला कागद त्याच्या गल्ल्यावर ठेवला. "मिरच्या, संत्र्याचा रस, अननस आणि जर्दाळू घालून मंद आचेवर चार तास. काट्याने नुसतं ओढलं की धागे सुटतात. दात नसलेला माणूससुद्धा खाईल."

कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं: खांद्याचं मांस, चरबीसकट, दोन किलो.

खाटीक मनात हसला. बाई पुस्तकातल्या, त्यांना मांसातलं काय कळणार! खांदा म्हणजे शिरांचं जाळं, तीस वर्षं तो तोच कापत आला होता. सगळ्यात मऊ म्हणजे अंडरकट, पाठीच्या कण्याच्या आतल्या बाजूचा पट्टा, ज्याला जनावर जन्मभर फारसं कामच लावत नाही. हॉटेलवाले तो आगाऊ सांगून ठेवत. घरी मात्र कधी आला नव्हता. घरी यायचं ते दुकान बंद करताना उरलेलं: खांदा, नळीचं हाड, मानेचा भाग. बायको ते निमूट शिजवायची, आणि बाकी सगळ्या जगाबद्दल बोलायची. आता तिला दुकानातला सगळ्यात चांगला तुकडा द्यायचा, एवढं त्याने ठरवून टाकलं. त्यात माया होती तितकीच शरमही होती.

सोमवारी दुकान बंद. त्याने चार अंडरकट आणले, त्यांच्यावरचा पांढरा पापुद्रा आणि चरबीचा कणन् कण काढला आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला. बायको दारात उभी राहून बघत होती. तिने काहीतरी म्हणायला ओठ हलवले, पण त्याने "तू बस गं" म्हणून तिला बाहेर पाठवलं. मिरच्या भिजवल्या, वाटल्या, रस ओतला, झाकण ठेवलं. घरभर गोडसर, धुरकट वास पसरला. आता जिंकलो, असं त्याला वाटलं.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. चार तासांनी झाकण काढलं तर आत सुतळी. धागे सुटत होते, पण कोरडे, दाताखाली करकरणारे. तरी त्याच्याकडे बघून बायकोने एक घास तोंडात घातला. दोनदा चावला. मग तिचा चेहरा पिळवटला, तिने घास हातात काढला आणि मोरीकडे गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते. तिने नळी उचलली आणि दुधाच्या पेल्यात बुडवली.

त्या आठवड्यात तिने बोलणंही टाकलं. वही पुन्हा टेबलावर आली. गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी तोंड मोजलं तर ते आणखी आवळलं होतं. दोघं चालत घरी आली, आणि खाटीक दारातच चपला न काढता उभा राहिला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तुला चांगलं द्यायला गेलो. सव्वीस वर्षं उरलंसुरलं खायला घातलं, म्हटलं एकदा तरी..." एवढं लांब वाक्य तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला असावा.

बायकोने वही उघडली, पेन घेतलं, दोन अक्षरं लिहिली आणि पेन खाली ठेवलं. लिहिण्याने तिचं भागेना.

"उरलंसुरलं?" दातांच्या फटीतून ती म्हणाली. "कोण म्हणालं?"

"मीच आणायचो की."

"तुम्ही आणायचात. शिजवायचे मी." ती गाल धरून थांबली आणि पुन्हा बोलू लागली. "त्या शिराच तर विरघळतात. त्यानेच रस सुटतो. तुमच्या त्या अंडरकटात विरघळायला आहे काय? आळशी मांस ते." पुन्हा थांबली. "दारात उभी राहून तेच सांगत होते. तर म्हणे, तू बस गं."

तीस वर्षं तो मांस कापत होता, पण दुकानाबाहेर गेल्यावर त्याचं पुढे काय होतं, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

"तू कधी बोलली नाहीस ते," तो म्हणाला.

"बोलण्यासारखं काय होतं? छान लागायचं मला," ती म्हणाली.

पुढच्या सोमवारी खांदा आला, चरबीसकट. बायको स्वयंपाकघरात स्टुलावर बसली. खाटकाचा हात सवयीने चरबीकडे वळला.

"सुरी खाली ठेवा," ती म्हणाली.

त्याने ठेवली. तिने मिरच्यांच्या बिया काढून दिल्या. एक मिरची रुंद, काळपट, मनुकांसारख्या वासाची. दुसरी लांब आणि गुळगुळीत. तव्यावर टाकताच दोघांना ठसका लागला आणि बायकोला सणसणीत शिंक आली. तिने दोन्ही हातांनी जबडा धरला आणि घाबरून स्टुलावर तशीच थिजून बसली. खाटीक गॅस सोडून तिच्यापाशी उकिडवा बसला. थोड्या वेळाने तिने हात हळूच बाजूला घेतले. काही मोडलं नव्हतं.

"मिरच्या जळतायत," ती म्हणाली.

मिरच्या पाण्यात पडल्या, वाटल्या गेल्या. संत्री पिळली. अननस कच्चा घालू नका, आधी परता, नाहीतर मांसाचा लगदा होईल, असं तिने बजावलं. जर्दाळू शेवटच्या तासाला. चार तासांत तिने त्याला सोळा चुका दाखवल्या आणि तो प्रत्येकीला "हं" म्हणाला. मधूनमधून ती गाल चोळत थांबायची. तो वाट बघायचा. एवढ्या आवडीने त्याने तिचं बोलणं यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं, आणि हे त्याचं त्यालाच जाणवलं.

झाकण काढलं तेव्हा रस दाट, लालकाळा झाला होता आणि मांस काटा लागताच उलगडत होतं. खाटीक दोन काटे घेऊन बसला. त्याने धागे ओढले, मग धाग्यांचे धागे केले, मग ते रसात इतके कालवले की खिमट झालं. घासात चावण्यासारखं काही उरू नये, तिला परत ती कळ येऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं. त्याने वाटी पुढे सरकवली. तिने एक चमचा घेतला, गिळला आणि चमचा खाली ठेवला.

त्याचा चेहरा उतरला. "दुखलं?"

"दुखायला चावायला तरी हवं ना." तिने त्याच्या हातातले काटे काढून घेतले. "माझं चावायचं कामही तुम्हीच करून टाकलंत तर मी काय करू? अख्खा तुकडा द्या."

त्याने पातेल्यात शोधून सगळ्यात लहान तुकडा काढला. तिने मान हलवली आणि शेजारच्या मोठ्याकडे बोट दाखवलं.

त्याने तो वाढला. तिने तो डाव्या बाजूला घेतला, एक हात गालावर ठेवला आणि चावायला लागली. पहिल्याच वेळी डोळ्यांतून पाणी आलं. ती थांबली, श्वास घेतला आणि पुन्हा चावलं. खाटीक तिच्या कानाखालच्या त्या हाडाकडे बघत होता, ते वर जाताना, खाली येताना. किती वेळ लागला कोण जाणे. तिने गिळलं, पालथ्या हाताने डोळे पुसले आणि त्याच्या ताटाकडे पाहिलं.

"जेवा ना, गार होतंय," ती म्हणाली, आणि दुसरा तुकडा तिने स्वतःच वाढून घेतला.